सोसायटीची नोटीस स्पॅममध्ये जाते! ईमेलची ओळखपरेड इतकी रखडली कशामुळे?

वाघबीळकर | शनिवार, रात्री १०:५०

मंडळी, आमची सोसायटी ठाण्यात घोडबंदर रोडला, वाघबीळ नाक्याच्या आत. १८४ फ्लॅट. यंदा मी सेक्रेटरी झालोय, म्हणजे दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून झालोय. आधीच्या कमिटीतल्या एका हौशी मुलाने सोसायटीच्या नावाचं डोमेन (ईमेल पत्त्यात @ च्या पुढे येणारं नाव) घेतलं होतं. मेन्टेनन्सची बिलं, नोटिसा, सगळं त्या पत्त्यावरून जातं. मुलगा आता जर्मनीत.

वार्षिक सभेची नोटीस १४ दिवस आधी द्यायची असते. बोर्डावर लावली, ईमेलही केली. चार दिवसांनी बी विंगमधल्या एका काकांचं रीतसर पत्र आलं: नोटीस मिळालेली नाही, सभा घेतलीत तर हरकत घेईन. त्यांच्या मोबाइलवर बघितलं तर नोटीस स्पॅममध्ये पडलेली, आणि सोसायटीच्या नावाशेजारी फोटोच्या जागी प्रश्नचिन्ह. आणखी तीसेक जणांची मेल तर परतच आली, सोबत ५५०-५.७.२६ असा आकडा.

ऑफिसातला आयटीवाला म्हणतो, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क लावा, आता त्यांची सक्ती झालीय. कसं लावायचं ते तो दाखवणार आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. पत्र कोणी पाठवलं हे तपासायला तीन तीन यंत्रणा कशाला? आणि ईमेलची आजची पद्धत जर १९८२ पासून चालू आहे तर ही सक्ती आत्ता २०२४-२५ मध्ये का आली? मधली चाळीस वर्षं लोक काय करत होते?

तलावपाळी | शनिवार, रात्री ११:१२

घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये राहून तुम्ही विचारताय, उशीर का लागतो म्हणून? 😄

उत्तर एका शब्दात: कमिटी. दहा हुशार माणसं एका टेबलाभोवती बसवा आणि त्यांना स्वल्पविरामावर भांडू द्या.

डाकघर_निवृत्त | रविवार, सकाळी ६:४०

तलावपाळी, तुमचं उत्तर घाईचं वाटतं. मी चौतीस वर्षं टपाल खात्यात काढली, शेवटची काही ठाण्यातच. संगणकातलं मला मुलीने शिकवलं तेवढंच कळतं. पण हा प्रश्न आमच्या खात्यातला आहे.

पाकिटाच्या मागे 'प्रेषक' म्हणून तुम्ही वाटेल ते लिहा, खिडकीवरचा कारकून विचारत नाही. आत पत्राच्या वरच्या कोपऱ्यात तिसरंच नाव लिहा, तेही कोणी बघत नाही. म्हणजे एका पत्रावर प्रेषक दोनदा येतो आणि दोन्ही ठिकाणी थाप मारता येते. मुलगी सांगते की ईमेलमध्ये तंतोतंत हेच आहे. पाकिटावरचा पत्ता वेगळा आणि तुम्हाला स्क्रीनवर दिसतो तो वेगळा.

मग खरं कसं ओळखायचं? आमच्याकडे दोन खुणा होत्या. एक तारखेचा ठसा: पत्र कुठल्या कचेरीत पडलं ते सांगतो. पत्र म्हणतं मी दिल्लीहून आलो आणि ठसा कळव्याचा, तर संशय घ्यावा. दुसरी लाखेची मोहोर: पत्र कुठूनही येऊ दे, मोहोर शाबूत असेल तर ज्याची मोहोर त्याचं पत्र.

आता गोम ऐका. माणूस घर बदलतो, अर्ज देतो, आम्ही जुन्या पत्त्यावरचं पत्र नव्या पत्त्यावर पाठवतो. त्यावर आमच्या कचेरीचा नवा ठसा बसतो. पत्र खरं, ठसा मात्र 'चुकीचा'. आणि मधल्या कोणी पाकीट उघडून आत एक चिठ्ठी सरकवली की मोहोर फुटली. हेतू चांगला असला तरी फुटलीच.

मुलीच्या म्हणण्याप्रमाणे तुमचं एसपीएफ म्हणजे ठसा, डीकेआयएम म्हणजे मोहोर. चुकलं असेल तर जाणकारांनी सांगावं.

महापे_रात्रपाळी | सोमवार, पहाटे २:२५

काका, दंडवत. दहा वर्षं मी हे ट्रेनिंगमध्ये शिकवतोय, इतकं सरळ कधी जमलं नाही.

महाप्याला डेटा सेंटरमध्ये आहे, मेल सर्व्हर हेच काम. रात्र शांत आहे म्हणून लांबलचक लिहितो.

जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली एसएमटीपी, म्हणजे ईमेल पोचवायचे नियम, लिहिलं तेव्हा जाळ्यावर विद्यापीठं, संशोधन संस्था आणि अमेरिकी संरक्षण खात्याची मंडळी होती. सगळे एकमेकांना ओळखणारे. चाळीत दुपारी दारं उघडी असायची, तसं. कुलूप विसरले असं म्हणता येणार नाही, कुलपाची गरजच दिसत नव्हती. नंतर त्याच चाळीत अख्खं जग राहायला आलं.

२००२ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी एक छोटं टिपण लिहिलं. डोमेनच्या मालकाने डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या खुल्या नोंदवहीत, जाहीर करून टाकावं की माझी पत्रं या या मशीनवरूनच निघतात, बाकीची माझी नाहीत. हीच कल्पना घेऊन हादमुट डानिश यांनी आरएमएक्स मांडलं, गॉर्डन फेसिक यांनी डीएमपी. २००३ मध्ये मेंग वेंग वाँग यांनी दोन्हींतलं चांगलं घेऊन एसपीएफ केलं. इथवरचा वेग बघा. जेमतेम दीड वर्ष, आणि तेही कमिटीशिवाय.

जानेवारी २००४ मध्ये दावोसला बिल गेट्स सांगून आले की दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटलेला असेल. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा 'कॉलर आयडी फॉर ईमेल' तयारच होता. इंटरनेटची मानकं करणाऱ्या आयईटीएफने मार्च २००४ मध्ये 'मारिड' नावाचा गट बसवला. एसपीएफ आणि मायक्रोसॉफ्टची पद्धत यांचं लग्न लावायचं ठरलं. अपत्याचं नाव सेंडर आयडी.

मग पत्रिका आडवी आली. स्क्रीनवर दिसणाऱ्या हेडरांमधून (मेलच्या वरच्या 'कोणाकडून' वगैरे ओळींमधून) 'खरा जबाबदार पत्ता' शोधायच्या रीतीवर मायक्रोसॉफ्टने पेटंटचे अर्ज केले होते. वापरायला पैसे लागणार नव्हते, पण परवान्याच्या अटी अशा की मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना त्या पाळताच येईनात. आपला प्रोग्रॅम जो कोणी पुढे नेईल त्याला परवाना आपोआप मिळायला हवा, तो मिळत नव्हता. सप्टेंबर २००४ च्या पहिल्या आठवड्यात मुक्त सॉफ्टवेअर करणाऱ्या अपाची फाउंडेशनने नाही म्हटलं, पाठोपाठ त्याच पंथातल्या डेबियनने. तेव्हाचे कितीतरी मेल सर्व्हर मुक्त सॉफ्टवेअरवर चालायचे, त्यामुळे हा नकार म्हणजे अर्ध्या वऱ्हाडानेच मांडवातून उठून जाणं. २२ सप्टेंबरला गट बरखास्त. सहा महिन्यांत संसार आटोपला.

२००६ मध्ये दोन्ही पद्धती 'प्रायोगिक' असा शिक्का मारून छापल्या गेल्या. सोबत टीप: दोन वर्षं बघू या, कुठली टिकते. त्या दोन वर्षांचा अहवाल २०१२ मध्ये आला! निष्कर्ष असा की बहुतेक वेळा दोन्हींचं उत्तर एकच येतं आणि सेंडर आयडी फारसं कोणी वापरत नाही. एसपीएफ प्रस्तावित मानक झालं एप्रिल २०१४ मध्ये. म्हणजे बारसं झालं, मुलगा शाळेत जाऊन पाचवी पास झाला आणि मग जन्मदाखला मिळाला. तोपर्यंत अर्धं जग एसपीएफ वापरत होतं, हे वेगळंच.

तलावपाळी, तुमचं 'कमिटी' हे उत्तर फक्त या सहा महिन्यांना लागू पडतं. तेही अर्धंच.

खारेगाव | सोमवार, सकाळी ९:०५

भारी लिहिलंय. ऐरोलीच्या पुलावर अडकून पूर्ण वाचलं. पण मग लाखेच्या मोहरेचं काय? तीही अशीच रखडली?

महापे_रात्रपाळी | मंगळवार, पहाटे १:१०

नाही, तिथे गाडी बरी पळाली. याहूमध्ये मार्क डिलेनी यांचं डोमेनकीज होतं, सिस्कोमध्ये त्याच धर्तीचं दुसरं काम चालू होतं. २००५ मध्ये दोघांनी ते एकत्र केलं, पेटंटचा फास न लावता सगळ्यांना वापरू दिलं, आणि मे २००७ मध्ये डीकेआयएमचं मानक निघालंही. कमिटी तीच, आयईटीएफच. २०१३ मध्ये ते पूर्ण मानक झालं.

अडचण पुढची होती. मोहोर शाबूत असेल तर पत्र खरं. मोहोर नसेलच तर? कदाचित मालक मोहोर वापरतच नसेल. 'मी नेहमी मोहोर लावतो, नसेल तर फेकून द्या' हे मालकाने सांगायचं कुठे? त्यासाठी २००९ मध्ये एडीएसपी आणलं, कोणी फिरकलं नाही, २०१३ मध्ये अधिकृतपणे अडगळीत टाकलं.

खरी वाट काढली ती ज्यांच्या पोटावर पाय आला होता त्यांनी. पेपालच्या नावाने रोज खोट्या मेल सुटायच्या. त्यांनी २००७ मध्ये याहूशी आपापसात ठरवलं की आमच्या नावाची, पण आमची सही नसलेली मेल आत घेऊच नका. नंतर जीमेलशीही तसंच. पण प्रत्येकाने प्रत्येकाशी असा करार कसा करायचा? म्हणून तेच सगळ्यांना खुलं करायला जानेवारी २०१२ मध्ये डीमार्क जाहीर झालं. ठसा किंवा मोहोर, दोन्हींपैकी एक तरी पास हवी, आणि ती तुम्हाला *दिसणाऱ्या* नावाशी जुळली पाहिजे. काकांनी सांगितलेली पाकिटावरचा पत्ता आणि आतला पत्ता ही फट इथे बुजली. शिवाय जुळलं नाही तर काय करायचं हे मालक सांगतो: काही करू नका, स्पॅममध्ये टाका, परत पाठवा. आणि कोण कोण माझ्या नावाने पाठवतंय याचा रोजचा अहवाल मला द्या.

२०१५ मध्ये ते छापलं गेलं ते निव्वळ माहितीपर कागद म्हणून. आयईटीएफने २०१४ मध्येच त्यासाठी गट बसवला होता, आणि त्याची सुधारित आवृत्ती करण्यात दहा वर्षांच्या वर गेली.

का गेली ते सांगतो. एप्रिल २०१४ मध्ये याहूने स्वतःच्या सगळ्या ग्राहकांच्या पत्त्यांवर 'जुळलं नाही तर परत पाठवा' लावलं. पाठोपाठ एओएलनेही. त्या क्षणी जगभरच्या मेलिंग लिस्टा कोलमडल्या. लिस्ट काय करते? तुमचं पत्र घेते, खाली दोन ओळी जोडते, विषयात कंसात गटाचं नाव घालते आणि स्वतःच्या सर्व्हरवरून सगळ्यांना पाठवते. ठसा बदलला, मोहोरही फुटली. याहूवाल्याने लिहिलेलं पत्र जीमेलवाल्याकडून परत, आणि असं चार-पाच वेळा झालं की लिस्ट त्या बिचाऱ्या जीमेलवाल्यालाच सदस्यत्वातून काढणार. यात आयईटीएफच्या स्वतःच्या लिस्टाही आल्या. ज्या लिस्टांवर मानकांची चर्चा चालते, त्याच मोडल्या!

त्यावर उपाय म्हणून एआरसी आलं. मध्यस्थाने 'माझ्याकडे आलं तेव्हा मोहोर शाबूत होती' असा शेरा मारून पुढे पाठवायचं. २०१९, पुन्हा प्रायोगिकच.

तलावपाळी | मंगळवार, सकाळी १०:३०

माझे शब्द निम्मे मागे घेतो. निम्मे ठेवतो, कारण मानक असूनही लोक झोपतात, आणि मानकवालेही. झॅकरी हॅरिस नावाच्या गणितज्ञाचा किस्सा २०१२ मध्ये बाहेर आला. त्याला गूगलच्या भरती विभागाकडून मेल आली. खरी की खोटी म्हणून त्याने डीकेआयएम तपासलं, तर मोहोर ज्यावर चालते ती गुप्त किल्ली अवघी ५१२ बिटांची. याला वाटलं ही आपली परीक्षाच आहे. किल्ली फोडली आणि गूगलच्या दोन संस्थापकांपैकी सर्गेई ब्रिनच्या नावाने थेट दुसऱ्याला, लॅरी पेजला, मेल टाकली. उत्तर आलं नाही, पण दोन दिवसांनी गूगलची किल्ली २०४८ बिटांची झालेली! परीक्षा वगैरे काही नव्हती. त्याच्या म्हणण्याप्रमाणे अशी किल्ली भाड्याच्या क्लाउडवर ७२ तासांत, ७५ डॉलरमध्ये फुटायची.

आणि १०२४ बिटांहून लहान किल्लीची मोहोर ग्राह्यच धरायची नाही असा नियम लिखित स्वरूपात कधी आला? जानेवारी २०१८. आता बोला.

माझा मूळ मुद्दा तोच. आपल्याकडे एसएमएसचं बघा. दूरसंचार नियामक ट्रायने २०१८ मध्ये नियम काढला, प्रत्येक कंपनीने आपलं हेडर (मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराचे साचे नोंदवायचे, न जुळणारा मेसेज टेलिकॉम कंपन्यांनी अडवायचा. एक मालक, एक हुकूम, विषय संपला.

सीवूड्सवाली | मंगळवार, दुपारी १:४५

कसला विषय संपला! ८ मार्च २०२१ ला ती चाळणी लागू झाली तेव्हा मी बेलापूरला एका कंपनीच्या ग्राहक विभागात होते. लोकांचे ओटीपी अडकले, व्यवहार अडकले, फोन थांबेनात. ट्रायला सात दिवसांसाठी ती चाळणी थांबवावी लागली. म्हणजे एक मालक, मोजक्या टेलिकॉम कंपन्या, हाताशी कायदा, तरी अडीच-तीन वर्षं आणि पहिल्याच दिवशी बोंब. ईमेलला तर मालकच नाही. हुकूम कोण काढणार, आणि कोणाला?

दुसरं म्हणजे, मानक छापून झालं की काम झालं असं नसतं. आत्ताच्या ऑफिसात डीमार्क आहे, चार वर्षांपासून 'काही करू नका' या पायरीवर. वर जायची हिंमत नाही, कारण कंपनीच्या नावाने कोण कोण मेल पाठवतं हे कोणालाच पूर्ण माहीत नाही. पगाराच्या स्लिपा एक बाहेरची कंपनी पाठवते, जाहिराती दुसरी, तक्रारींचं सॉफ्टवेअर तिसरं. एसपीएफमध्ये सगळ्यांना घ्यायला जावं तर दहा डीएनएस शोधांची मर्यादा आडवी येते, अकरावा आला की अख्खी नोंदच बाद. एकदा मार्केटिंगने न सांगता नवी कंपनी जोडली आणि एचआरची ऑफर लेटरं परत आली. तेव्हापासून आमचे साहेब म्हणतात, चाललंय ते चालू द्या.

वागळे_इस्टेट | मंगळवार, रात्री ९:२०

आमचं लहान युनिट आहे, मशीनिंगचं. गेल्या वर्षी नेहमीच्या माल पुरवणाऱ्याकडून मेल आली, बँक खातं बदललंय, या खात्यावर भरा. जुन्या मेलचा धागा खाली जसाच्या तसा. ३,४०,००० भरले. नंतर कळलं की पत्त्यात एम च्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी होते. चष्मा लावूनही दिसत नाही.

तुमच्या या तीन यंत्रणांनी ते थांबलं असतं का?

महापे_रात्रपाळी | बुधवार, पहाटे ३:००

नसतं, शेठ. खोटं सांगत नाही.

ते डोमेन चोराचं स्वतःचं होतं. त्याने त्याला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सगळं व्यवस्थित लावलं असणार. स्पॅमवाल्यांनी तर सुरुवातीपासून हेच केलं, आपापल्या डोमेनना नोंदी लावून मोकळे झाले. ही यंत्रणा 'हे पत्र या डोमेनचंच आहे' एवढंच सांगते. डोमेनवाला सज्जन आहे का, हे ती सांगत नाही. लाखेवर मोहोर कोणीही करून घेऊ शकतो. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना डॉट बँक डॉट इन वर यायला सांगितलं ते म्हणूनच, तिथे बँकेशिवाय कोणाला नाव मिळतच नाही. तुमच्यासाठी उपाय एकच: खातं बदललं म्हटलं की जुन्या नंबरवर फोन करून विचारायचं.

सीवूड्सवाली ताईंनी नेमकं बोट ठेवलंय. एसपीएफ-डीमार्क लावण्याचा खर्च पाठवणाऱ्याला, फायदा पोचतो घेणाऱ्याला. मग आधी हात कोण घालणार? घेणारे म्हणायचे, फार थोडे लोक लावतात, मग तपासून काय उपयोग. पाठवणारे म्हणायचे, कोणी तपासतच नाही, मग लावायचं कशाला. हुकमाने काम झालं ते अमेरिकी सरकारी खात्यांत, ऑक्टोबर २०१७ मध्ये आदेश निघाला आणि एका वर्षात 'परत पाठवा' पर्यंत जायला लावलं. बाकी जगाला जाग आली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगल आणि याहूने जाहीर केल्यावर, की मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांनी फेब्रुवारी २०२४ पासून हे तिन्ही नाही लावलं तर मेल घेणार नाही. मायक्रोसॉफ्ट मे २०२५ पासून. मालक नव्हता, शेवटी सगळ्यात मोठे भाडेकरूच मालकासारखे वागायला लागले. मला ते फारसं आवडलेलं नाही, पण दुसऱ्या कशाने हललं नसतं हेही खरं.

वाघबीळकर, गूगल दिवसाला ५००० मेल पाठवणाऱ्याला मोठा धरतं, पण 'आम्ही तेवढ्या पाठवत नाही' म्हणून सुटका नाही. ती मर्यादा तिन्ही गोष्टींच्या सक्तीसाठी आहे. एसपीएफ किंवा डीकेआयएम यांतलं एक तरी जीमेलला सगळ्यांकडूनच हवं असतं.

वाघबीळकर | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:१५

धाग्यावर परत यायला उशीर झाला, माफी. घडलेलं सांगतो.

एसपीएफची नोंद होती, पण जुन्या होस्टिंगची, म्हणजे आधी मेल ज्या कंपनीच्या सर्व्हरवरून जायची तिची. गेल्या वर्षी होस्टिंग बदललं, नोंद तशीच राहिली. ती दुरुस्त केल्यावर परत येणाऱ्या तीसही मेल पोचल्या. बी विंगच्या काकांची मात्र अजून स्पॅममध्येच! मग कळलं की त्यांनी सोसायटीला दिलेला पत्ता त्यांच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाचा आहे, तिथून मेल पुढे जीमेलला जाते. डाकघर काका, तुमचा घर बदललेला माणूस तो हाच. डीकेआयएम लावलं आणि त्यांची मेल इनबॉक्समध्ये आली.

डीमार्क 'काही करू नका' वर ठेवून अहवाल मागवले. पहिल्याच आठवड्यात एक अनोळखी सर्व्हर दिसला, आमच्या नावाने १ तारखेला १८४ मेल पाठवणारा. पोटात गोळा आला. ते आमचंच बिलिंग सॉफ्टवेअर निघालं. त्यांना विचारलं तर म्हणाले, डीकेआयएम म्हणजे काय?

सभा आज झाली. काका आले होते, पहिल्या रांगेत. हरकत घेतली नाही. फक्त डोमेनचा वार्षिक खर्च कुठल्या हेडखाली टाकलाय ते विचारलं. मी बिल शोधायला गेलो तर बिलच नाही. डोमेन अजून त्या जर्मनीतल्या मुलाच्या खासगी खात्यावर आहे, पैसे तोच भरतो, आणि मुदत नोव्हेंबरात संपतेय.

महापे_रात्रपाळी | रविवार, रात्री ११:४०

त्याला आत्ता फोन करा. तिकडे अजून रात्र झालेली नाही.